पर्यावरणाची इंग्रजी परिभाषा आणि मुळशीचा विद्यार्थी

पर्यावरण आणि हवामान बदल यांविषयीची इंग्रजी शब्दसंपत्ती हा गेल्या पन्नास वर्षांत घडलेला आणि अजूनही घडत असलेला एक स्वतंत्र भाषाप्रकार आहे. विज्ञान, कायदा, मुत्सद्देगिरी, व्यापार आणि वृत्तपत्रे अशा वेगवेगळ्या व्यवहारांतून त्यात शब्द आले, आणि प्रत्येक व्यवहाराने आपापल्या गरजेप्रमाणे त्यांना अर्थ दिले. मराठी मुलखात हा भाषाप्रकार पाठ्यपुस्तकांतून जितका येतो त्याहून अधिक तो हवामान विभागाच्या इशाऱ्यांतून, राजपत्रातील अधिसूचनांतून, धरणातून सोडलेल्या विसर्गाच्या बातम्यांतून आणि प्रकल्पांच्या अहवालांतून येतो. त्यामुळे मराठी माध्यमात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने हे शब्द कसे शिकावेत, हा प्रश्न इंग्रजीच्या तासापुरता उरत नाही. ज्या भाषेत आपल्या जमिनीविषयी आणि पाण्याविषयी निर्णय लिहिले जातात ती भाषा आपल्याला किती कळते, असे त्याचे खरे रूप आहे. या प्रश्नाचा आढावा घेण्यासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल.

मुळशीत हा प्रश्न शंभर वर्षांचा आहे. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून भिऱ्याला सोडायचे आणि त्यातून मुंबईसाठी वीज निर्माण करायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. त्यासाठी मावळ्यांची भातखाचरे आणि गावे बुडणार होती. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती, आणि १९२४ पर्यंत तो निरनिराळ्या स्वरूपांत चालला. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. या लढ्यात शेतकऱ्यांसमोर जो कायदा उभा होता तो १८९४ चा भूसंपादन कायदा, आणि त्या कायद्याचा सारा भार ‘पब्लिक पर्पज’ म्हणजे सार्वजनिक प्रयोजन या दोन शब्दांवर होता. खाजगी कंपनीने गिरण्यांना विकण्यासाठी तयार केलेली वीज हे सार्वजनिक प्रयोजन कसे ठरते, हा मावळ्यांचा आक्षेप मुळात शब्दार्थाचाच होता. त्यांना तो मराठीत पुरेपूर कळला होता, परंतु निर्णय ज्या भाषेत होत होता ती भाषा त्यांच्या हाती नव्हती. धरण १९२७ च्या सुमारास पूर्ण झाले.

आजच्या मुळशीत इंग्रजी दूर नाही, ती अगदी दाराशी आहे. हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान याच तालुक्यात आहे. लवळ्याला सिंबायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठे आहेत. पौडजवळ खुबवलीच्या टेकडीवर १९९७ पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज चालते आणि तेथे अनेक देशांतील विद्यार्थी इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएटचा अभ्यास करतात. त्या अभ्यासक्रमात पर्यावरणीय व्यवस्था आणि समाज यांवर एक स्वतंत्र विषयही आहे. त्याच टेकड्यांच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा आहेत, जेथील विद्यार्थी त्याच जंगलाचा, त्याच नदीचा आणि त्याच पावसाचा अभ्यास ‘परिसर अभ्यास’ या नावाने करतो. एकाच डोंगराविषयी दोन शब्दसंग्रह शेजारी शेजारी शिकवले जात आहेत आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही, ही स्थिती मुळशीत जितकी उघड दिसते तितकी अन्यत्र दिसत नाही.

शालेय पातळीवर हे शब्द कोणत्या वाटांनी येतात ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० साली सुरू झाला. पुढे सेमी-इंग्रजीचा प्रसार झाला, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व उर्वरित विषय मराठीतून अशी व्यवस्था रूढ झाली. बालभारतीच्या मराठी माध्यमाच्या विज्ञान पुस्तकांतून संज्ञेशेजारी इंग्रजी प्रतिशब्द देण्याची पद्धत आहे, आणि माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरावर जलसुरक्षा हा विषयही अभ्यासक्रमात आला. महाविद्यालयीन स्तरावर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पर्यावरणाचा अभ्यास सर्व शाखांच्या पदवीसाठी सक्तीचा झाला, आणि त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जे इंग्रजी पाठ्यपुस्तक तयार करवून घेतले ते पुण्याच्याच भारती विद्यापीठातील डॉ. एरक भरुचा यांनी लिहिले. अशा रीतीने शब्द येण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. उणीव राहते ती पद्धतीत, कारण यांपैकी बहुतेक ठिकाणी शब्द हा डाव्या बाजूला इंग्रजी आणि उजव्या बाजूला मराठी अशा यादीच्या रूपात येतो, आणि परीक्षेत जोड्या लावल्या की त्याचे काम संपते.

शब्द शिकणे म्हणजे काय, यावर भाषाशिक्षणाच्या शास्त्रात भरपूर काम झालेले आहे. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी शब्दज्ञानाचे रूप, अर्थ आणि उपयोग असे तीन भाग मानले. शब्द कसा लिहिला-उच्चारला जातो, तो कशाचा बोध करून देतो, आणि तो कोणत्या शब्दांच्या सोबतीने व कोणत्या प्रसंगी वापरला जातो, या तिन्ही गोष्टी आल्याखेरीज शब्द आला असे म्हणता येत नाही. सर्वसाधारण इंग्रजी मजकूर कोणाच्या मदतीशिवाय वाचण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुलांची ओळख लागते, असा त्यांचा अंदाज आहे. शब्दकुल म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सर्व साधित रूपे. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्याशाखीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची जी यादी तयार केली, तीत एन्व्हायर्न्मेंट, सस्टेन आणि ॲडॅप्ट हे शब्द आहेत. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते, ती ही की पर्यावरणाच्या इंग्रजीत केवळ तांत्रिक संज्ञा नसतात. फोटोसिंथेसिस किंवा बायोडायव्हर्सिटी असे शब्द लांबलचक असले तरी शिकायला सोपे, कारण त्यांना एकच अर्थ असतो आणि प्रकाशसंश्लेषण, जैवविविधता असे प्रतिशब्द आता मराठीत रुळले आहेत. कठीण असतात ते रोजचे शब्द, ज्यांना या क्षेत्रात वेगळा अर्थ मिळाला आहे. सिंक म्हणजे स्वयंपाकघरातले भांडी घासण्याचे ठिकाण एवढेच ज्याला माहीत आहे त्याला जंगल हे कार्बनचे सिंक आहे, म्हणजे ते हवेतला कार्बन शोषून साठवते, हे वाक्य कळत नाही. बजेट, फूटप्रिंट, ऑफसेट, सेन्सिटिव्ह, नॉर्मल, हेवी आणि लाइकली हे शब्द याच वर्गातले, आणि शाळेच्या याद्यांत नेमके हेच नसतात, कारण ते आधीच येतात असे गृहीत धरलेले असते.

या साऱ्या परिभाषेचा पायाच एका अडचणीवर उभा आहे. इंग्रजीत वेदर आणि क्लायमेट या दोन भिन्न कल्पना आहेत. आजची किंवा या आठवड्याची स्थिती ती पहिली, आणि सामान्यतः तीस वर्षांच्या नोंदींवरून ठरणारा एखाद्या प्रदेशाचा स्वभाव ती दुसरी. व्यवहारातील मराठीत या दोहोंसाठी ‘हवामान’ हा एकच शब्द चालतो. आकाशवाणी हवामानाचा अंदाज सांगते तेव्हा तो वेदरचा असतो, आणि भूगोलाचे पुस्तक मोसमी हवामान म्हणते तेव्हा ते क्लायमेट असते. वृत्तपत्रे ‘हवामान बदल’ लिहितात, तर महाराष्ट्र शासनाच्या खात्याचे नाव ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ असे आहे. केंद्रीय मंत्रालयाच्या हिंदी नावात ‘जलवायु परिवर्तन’ येते. शिक्षकाने हा भेद उलगडून न सांगता क्लायमेट चेंज म्हणजे हवामान बदल एवढेच लिहून दिले, तर जूनमध्ये चार दिवस पाऊस लांबला की तोही हवामान बदल आणि डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली की हवामान बदल खोटा, असे दोन्ही चुकीचे निष्कर्ष विद्यार्थी काढू शकतो. मोठी माणसेही काढतात. येथे शब्दाचे शिक्षण आणि विज्ञानाचे शिक्षण वेगळे करताच येत नाही.

नॉर्मल या शब्दाचेही तसेच आहे. भारतीय हवामानशास्त्र विभाग मोसमी पाऊस नॉर्मल राहील असे सांगतो तेव्हा तो देशभरातील जून ते सप्टेंबरच्या पावसाविषयी, दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के या मर्यादेत बोलत असतो, आणि ही सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. मुळशीच्या शेतकऱ्याला त्या शब्दातून आपल्या गावच्या पावसाविषयी काहीच कळत नाही. कारण तालुक्याच्या पश्चिम टोकाला ताम्हिणी घाटात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तेथून पूर्वेला पुणे शहरात तो सातशे मिलिमीटरच्या आसपास उतरतो. इतक्या थोड्या अंतरात इतका उतार असताना ‘सामान्य’ हा प्रतिशब्द जवळजवळ निरर्थक ठरतो. त्याच्यासोबत आकडा आणि क्षेत्र शिकवले तरच तो शब्द उपयोगी पडतो.

पावसाच्या इशाऱ्यांतील विशेषणे तर याहून नेमकी आहेत. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे हेवी, ११५.६ ते २०४.४ म्हणजे व्हेरी हेवी आणि २०४.५ पासून पुढे एक्स्ट्रीमली हेवी, अशी विभागाची व्याख्या आहे. मराठी बातम्यांत त्यांची मुसळधार, अतिमुसळधार आणि अत्यंत मुसळधार अशी रूपे होतात. साध्या वाचकाला ही बातमीदाराने जोर देण्यासाठी वापरलेली विशेषणे वाटतात. प्रत्यक्षात ती मोजमापाची नावे आहेत. शासनाच्या महसुली व्यवहारात अतिवृष्टी ठरवण्यासाठी महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर हे जे माप धरले जाते ते याच सीमेला लागून आहे, म्हणून हा शब्द कळणे म्हणजे पीक नुकसानभरपाईची पहिली पायरी कळणे होय. यलो, ऑरेंज आणि रेड अलर्ट हे शब्द आता मराठीतच जमा झाले आहेत, पण त्यांचा क्रमवार अर्थ, म्हणजे माहिती घेत राहा, तयारीत राहा आणि कृती करा, हा फारच थोड्यांना सांगितलेला असतो. ऑरेंज अलर्ट म्हणजे मध्यम पाऊस असा समज करून घाटात सहलीला निघणारी मंडळी दर पावसाळ्यात दिसतात.

धरणाच्या तालुक्यात पाण्याचे माप मुलांना शिकवावे लागत नाही, असे वाटण्याचा संभव आहे. टीएमसी आणि क्युसेक हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी, आणि क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर, पाणी जाण्याचा वेग. एक शब्द साठ्याचा आणि दुसरा प्रवाहाचा. धरणातून ११,५७४ क्युसेक विसर्ग अखंड एक दिवस चालला तर एक टीएमसी पाणी वाहून जाते, हे गणित आठवीच्या मुलाला सहज करता येते. आणि ते एकदा केले की स्टॉक आणि फ्लो, म्हणजे साठा आणि प्रवाह, हा भेद त्याच्या मनात पक्का बसतो. हवामानशास्त्रातील कॉन्सन्ट्रेशन आणि एमिशन हा भेद तोच आहे: वातावरणात साठलेला कार्बन डायऑक्साइड हा साठा, आणि दरवर्षी सोडला जाणारा उत्सर्जनाचा लोट हा प्रवाह. उत्सर्जन कमी झाले तरी साठा का वाढत राहतो, हे न कळल्याने इंग्रजी माध्यमातले विद्यार्थीसुद्धा नेट झिरो या कल्पनेपाशी अडखळतात. नेट झिरो म्हणजे जेवढे वायू सोडले जातात तेवढेच शोषले जाण्याची अवस्था. भारताने त्यासाठी २०७० हे वर्ष जाहीर केले आहे. मुळशीच्या मुलाला ही कल्पना आपल्या धरणावरून, शहरातल्या मुलाच्या आधी कळू शकते.

ग्रीनहाऊस या शब्दाची गोष्ट याच्या उलट आहे, कारण तेथे परिचयच आड येतो. मावळ-मुळशी पट्ट्यात ग्रीनहाऊस किंवा पॉलिहाऊस म्हणजे गुलाब-जर्बेराची बंदिस्त शेती, आणि ती चांगल्या उत्पन्नाची गोष्ट आहे. त्यामुळे ग्रीनहाऊस गॅस म्हणजे पॉलिहाऊसमधून निघणारा काहीतरी घातक वायू, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. हरितगृह वायू हा मराठी प्रतिशब्द ती समजूत दूर करत नाही, उलट दृढ करतो. शिवाय मूळ इंग्रजी नावच पुरते अचूक नाही: पॉलिहाऊस मुख्यतः आतली तापलेली हवा बाहेर जाऊ न दिल्याने गरम राहते, तर वातावरणातील कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांसारखे वायू पृथ्वीने बाहेर टाकलेली उष्णतेची प्रारणे शोषून ती अंशतः परत पाठवतात. ज्या शब्दाचे नावच दिशाभूल करणारे आहे तो शिकवताना प्रतिशब्दावर न थांबता प्रक्रिया सांगावी लागते.

अनिश्चिततेची भाषा हा या परिभाषेतील सर्वांत समृद्ध आणि शिक्षणात सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. हवामान बदलाचा अभ्यास करणारे आयपीसीसी हे आंतरशासकीय मंडळ १९८८ मध्ये स्थापन झाले. त्याच्या अहवालांत लाइकली म्हणजे ६६ टक्क्यांहून अधिक संभाव्यता, व्हेरी लाइकली म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक, एक्स्ट्रीमली लाइकली म्हणजे ९५ टक्क्यांहून अधिक, अशी शब्दांना मापे बांधून दिलेली आहेत. तापमानवाढीस मनुष्य कारणीभूत आहे या विधानापुढे २००१ च्या अहवालात लाइकली होते, २००७ मध्ये व्हेरी लाइकली, २०१३ मध्ये एक्स्ट्रीमली लाइकली, आणि २०२१ च्या अहवालात संभाव्यतेची भाषाच सोडून अनइक्विव्होकल, म्हणजे निःसंदिग्ध, हा शब्द आला. वीस वर्षांच्या विज्ञानाचा इतिहास या चार शब्दांत वाचता येतो. मराठी अनुवादात या साऱ्यांचे ‘शक्यता आहे’ किंवा ‘दाट शक्यता आहे’ असे सपाटीकरण होते आणि वाचकाला वाटते की शास्त्रज्ञांनाच खात्री नाही. आयपीसीसीच्या अहवालांचे सारांश संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत निघतात आणि त्यांत एकही भारतीय भाषा नाही, त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला हे शब्द इंग्रजीतच गाठावे लागतात.

ही गाठ घालण्यासाठी मुळशीच्या विद्यार्थ्याला आयपीसीसीकडेच पाहण्याची गरज नाही. तालुक्याच्या वेशीवर पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेला भारतीय प्रदेशातील हवामान बदलाचा आढावा २०२० मध्ये केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने प्रसिद्ध केला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, आणि १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला व ही घट गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात ठळक होती, असे त्यात नोंदले आहे. ज्या डोंगराच्या पावसाविषयी हे वाक्य आहे त्याच्या पायथ्याशी ते लिहिले गेले, आणि त्याच डोंगरातल्या शाळेत ते वाचले जात नाही. पर्यावरणशिक्षणाच्या दृष्टीने ही मोठी हानी मानली पाहिजे.

मुत्सद्देगिरीची भाषा शाळेच्या आवाक्याबाहेरची वाटते, पण व्याकरणाच्या तासाला ती फार उपयोगी आहे. २०१५ च्या पॅरिस हवामान कराराच्या अखेरच्या क्षणी चौथ्या कलमातील एका ठिकाणी विकसित राष्ट्रांच्या बाबतीत शॅलच्या जागी शुड घालावे लागले, कारण पहिल्याने कायदेशीर बंधन येते आणि दुसऱ्याने केवळ अपेक्षा व्यक्त होते. २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत कोळशाविषयी फेज आउट, म्हणजे टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद, याऐवजी फेज डाउन, म्हणजे टप्प्याटप्प्याने कमी, असा बदल भारताच्या आग्रहाने झाला आणि त्यावर जगभर चर्चा झाली. सहायक क्रियापदे आणि क्रियापदांना जोडून येणारी अव्यये हा मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचा नेहमीचा दुबळा भाग. तो शिकवायला याहून अर्थपूर्ण उदाहरणे मिळणे कठीण.

कायद्याच्या क्षेत्रात मात्र शब्द चुकला की त्याची किंमत गावाला मोजावी लागते. ताम्हिणी येथे २०१३ मध्ये वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. अशा अभयारण्याभोवतीच्या पट्ट्याला इको-सेन्सिटिव्ह झोन म्हणतात. दुसरीकडे पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन यांच्या गटाने २०१३ मध्ये अहवाल दिल्यानंतर केंद्राने ज्या मसुदा अधिसूचना काढल्या त्यांतील संज्ञा इको-सेन्सिटिव्ह एरिया अशी आहे. जुलै २०२४ च्या मसुद्यात सहा राज्यांतील ५६ हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र येते. झोन आणि एरिया यांचा उगम, व्याप्ती आणि त्यांतील निर्बंध वेगळे आहेत, तरी मराठीत दोहोंचे ‘पर्यावरण संवेदनशील क्षेत्र’ होते, आणि ग्रामसभेत एकाविषयी बोलणारा माणूस व दुसऱ्याविषयी ऐकणारा माणूस यांची चुकामूक होते. गाडगीळ यांनी आपला अहवाल लोकांच्या भाषेत ग्रामसभांपुढे ठेवला जावा असा आग्रह सातत्याने धरला, तो याच कारणाने. त्यांच्या अहवालाविरुद्ध गावोगाव जो राग उसळला त्यातला काही भाग तरी न वाचलेल्या मजकुराविषयीचा होता. मुळशी-वेल्हे परिसरातील लवासा या डोंगरातील नव्या शहराच्या प्रकल्पाला नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय मंत्रालयाची जी नोटीस मिळाली आणि पुढच्या वर्षी पहिल्या टप्प्याला अटींसह जी मंजुरी मिळाली, त्या काळात शो-कॉज (कारणे दाखवा), स्टेटस को (जैसे थे) आणि क्लिअरन्स (मंजुरी) हे शब्द तालुक्याच्या तोंडी होते, पण क्लिअरन्सला जोडलेल्या अटी कोण तपासतो हे ठाऊक असणारे थोडे होते.

भाषेचा हा प्रश्न न्यायालयातही गेला. मार्च २०२० मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा आला, तो इंग्रजी आणि हिंदीतच होता. पर्यावरणीय आघात मूल्यांकन म्हणजे प्रकल्प सुरू होण्यापूर्वी त्याचे हवा, पाणी, जमीन आणि लोक यांवर होणारे परिणाम तपासण्याची प्रक्रिया. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी या मसुद्याचे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत भाषांतर करण्याचा आदेश दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. नागरिकाला इंग्रजी येत नाही हा त्याचा दोष नव्हे, ही भूमिका या आदेशामागे आहे आणि ती योग्य आहे. इंग्रजी शब्द शिकवण्याचा आग्रह धरताना शासनाची मराठीत लिहिण्याची जबाबदारी हलकी होऊ देता कामा नये.

मराठीने परिभाषा घडवण्याच्या कामात कसूर केली आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश केले, वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली विश्वकोशाचे खंड निघाले, आणि १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद हे कार्य करीत आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून जंगलात हिंडताना आदिवासींकडून शब्द गोळा केले, जुन्या ग्रंथांतून वेचले आणि पक्षिकोशासारखे ग्रंथ सिद्ध केले. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला सारंगागार हा शब्द त्यांच्यामुळे वाचकांना ठाऊक झाला. पाणलोट, बुडीत क्षेत्र, लाभक्षेत्र, धरणग्रस्त, पुनर्वसन ही संज्ञावली तर आंदोलनांनी आणि पाटबंधारे खात्याने मिळून घडवली आणि ती कोणत्याही इंग्रजी संज्ञावलीइतकी काटेकोर आहे. उणे पडते ते जेव्हा संस्कृत शब्द केवळ फाइलीसाठी बनतो. रात्रीची स्वस्त वीज वापरून पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि मागणीच्या वेळी खाली सोडून वीज करायची, या पंप्ड स्टोरेजच्या पद्धतीला शासकीय मराठीत ‘उदंचन’ म्हणतात, आणि सह्याद्रीत असे अनेक प्रकल्प येऊ घातले असताना ज्याच्या डोंगरावर ते येणार त्याला इंग्रजी नाव आणि मराठी नाव दोन्ही सारखीच परकी आहेत. सस्टेनेबलसाठी ‘शाश्वत’ हा शब्द रूढ झाला, परंतु शाश्वतचा अर्थ कायमचे, अविनाशी असा होतो आणि संसाधने पुढच्या पिढीला उरतील इतक्याच मर्यादेत वापरणे ही मूळ कल्पना त्यात हरवते. ‘टिकाऊ’ अधिक जवळचा होता.

आतापर्यंत इंग्रजीकडून मराठीकडे येणाऱ्या शब्दांचा विचार झाला; उलट दिशेचा विचार अभ्यासक्रमात जवळजवळ नाहीच, आणि या आढाव्याच्या दृष्टीने तीच सर्वांत गंभीर त्रुटी आहे. मुळशीच्या मुलाजवळ वळीव, झड, संततधार, भिजपाऊस, अवकाळी असे पावसाचे शब्द आहेत. ओला दुष्काळ ही कल्पना आहे, जिला इंग्रजीत प्रचलित नाव नाही. वरकस जमीन आहे, भातखाचर आहे. राब आहे, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या डहाळ्या पसरून भाजण्याची भातशेतीची पद्धत. इंग्रजी पुस्तकांतून शिकलेला विद्यार्थी राबाला चटकन स्लॅश अँड बर्न म्हणून टाकतो, आणि तो शब्द तर जंगल तोडून, जाळून जागा बदलत राहणाऱ्या फिरत्या शेतीचा आहे. राबासाठी डहाळ्या तोडल्याने झाडांवर ताण येतो हे खरे, पण राब एकाच वाफ्यावर होतो आणि शेत स्थिर असते. चुकीच्या इंग्रजी शब्दाने आजोबांची शेती एका क्षणात जंगलतोडीच्या खात्यात जमा होते. हा शब्द योग्य कसा समजावून सांगावा, दोन-तीन साध्या इंग्रजी वाक्यांत, हे जो विद्यार्थी शिकला त्याला पर्यावरणाचे इंग्रजी आले असे म्हणावे.

देवराईचे उदाहरण या बाबतीत आशादायक आहे. देवाच्या नावाने राखलेले, कुऱ्हाड न लागलेले जंगल म्हणजे देवराई, आणि मुळशी-मावळच्या डोंगरांत अशा राया अनेक आहेत. माधव गाडगीळ आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास करून इंग्रजी शोधनिबंध लिहिले, आणि सेक्रेड ग्रोव्ह या संज्ञेखाली सह्याद्रीतील या राया जगाच्या शास्त्रीय चर्चेत गेल्या. गावाजवळचे ज्ञान नीट इंग्रजीत मांडले तर काय होऊ शकते याचा तो दाखला आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावोगाव जी लोकजैवविविधता नोंदवही करायची असते, तीत स्थानिक नाव, मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि इंग्रजी नाव शेजारी शेजारी येऊ शकतात. ती नोंदवही शाळेच्या मुलांनी भरली तर शब्दांचा याहून चांगला धडा दुसरा नाही.

हे सारे पाहता एक व्यवहार्य सूचना करता येते. २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी लागणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाच्या मूल्यांकन अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत द्यावा लागतो, आणि तो जास्तीत जास्त दहा पानांचा असावा असे बंधन आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ हे सारांश दोन्ही भाषांत प्रसिद्ध करते. एकच मजकूर, दोन भाषांत, खऱ्या प्रकल्पाविषयी, खऱ्या आकड्यांसह आणि फुकट. आठवी ते दहावीच्या इंग्रजीच्या शिक्षकांनी आपल्या जिल्ह्यातील एखादा सारांश घ्यावा, दोन्ही प्रती वर्गात शेजारी ठेवाव्यात, मराठी प्रतीत काय गळले आणि काय मऊ झाले ते मुलांकडून शोधून घ्यावे, आणि जेथे मराठी अडखळते तेथे मुलांना अधिक चांगले वाक्य लिहायला लावावे. त्यासाठी नवे पुस्तक, नवा शासननिर्णय किंवा नवे अनुदान लागत नाही. दहा पाने आणि एक तास लागतो.